नागपूरची एअर होस्टेस अकॅडमी: शिकवणं चांगलं, पण पगाराचं गणित सांगत नाहीत (५ पैकी ३ स्टार)

क्लासचं नाव लिहीत नाही. पण आर्वी, कारंजा, तळेगाव ह्या पट्ट्यातल्या ज्या आईबापांनी पोरीला केबिन क्रूच्या कोर्सला टाकायचं मनावर घेतलं आहे त्यांनी हे शेवटपर्यंत वाचा जी.

मी एसटीत २९ वर्षं कंडक्टर होतो, आता रिटायर. बारावी झाल्यावर पोरगी हट्टालाच पेटली की एअर होस्टेसच होईन, मग तूर विकली, थोडे फंडाचे पैसे काढले आणि सव्वा लाख फी दोन हप्त्यात भरली. फी वसूल झाली का म्हणाल तर शिकवण्याच्या बाबतीत झाली. झेडपीच्या शाळेतली पोरगी, पहिला महिना तोंडातून इंग्रजी निघत नव्हती, तिथल्या मॅडमनी रोज तिला उभं करून माइकवर अनाउन्समेंट बोलायला लावली, चुकली तरी हसू दिलं नाही कोणाला. फर्स्ट एड, आग विझवायचं सिलिंडर कसं धरायचं, केसांचा अंबाडा, चालणं, सगळं मन लावून शिकवलं. दोन इंटरव्ह्यूत नापास झाली तेव्हा तयारी परत करून घेतली, एक रुपया जास्त घेतला नाही. तिसऱ्यात सिलेक्शन झालं. होस्टेलचं जेवण साधारण.

आता दोन स्टार कशाचे कापले ते सांगतो.

अकॅडमीच्या भिंतीवर पगाराचा मोठा आकडा लावला आहे. तो कसा बनते हे काउन्सेलिंगमध्ये नाही सांगितलं, कोर्सभरात पण नाही. पोरगी जाताना मी तिला एक डायरी दिली होती, आम्हा कंडक्टर लोकांना वेळ लिहून ठेवायची सवयच असते, म्हटलं कधी पोचली कधी सुटली लिहीत जा. पहिल्या पूर्ण महिन्याची स्लिप आली तशी रात्री फोन आला, "बाबा, ड्युटी तर महिनाभर केली, मग घंटे काऊन एवढेच लावले यांनी?" डायरीचे फोटो मागवले, खाटेवर बसून बेरीज केली. डायरीत १४८ तास. स्लिपमध्ये ७१.

एक पान तर माझ्या डोळ्यापुढून जात नाही. डिसेंबरचं, दिल्लीचं. "रिपोर्टिंग ४:१०. बोर्डिंग ५:२०. धुकं. सगळे पॅसेंजर आत. ८:०५ ला हललं." म्हणजे चार तास पोरगी पायावर उभी, लोकांच्या बॅगा वर ठेवून राहिली, रडत्या लेकराला पाणी देऊन राहिली, उशिरासाठी शिव्या खाऊन राहिली, आणि तिचा तासाचा भत्ता मोजायला सुरू झाला विमान जागेवरून हललं तेव्हा. उतरून विमान जागी उभं राहिलं की मीटर बंद, पॅसेंजर उतरवणं आणि सीटमधला कचरा पाहणं त्यात धरत नाही. फिक्स पगार वेगळा आहे, मान्य, पण तो थोडका, भिंतीवरचा आकडा उभा आहे तो ह्या उडण्याच्या तासांवर.

आमच्याकडे असं नव्हतं. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात गाडी धावायच्या आधीचं आणि नंतरचं काम पण कामाचेच तास धरले होते, दिवसाचे आठ आणि आठवड्याचे ४८. मशीन, तिकिटं घेणं, शेवटी कॅश मोजून भरणं, सगळं ड्युटीत. गाडी स्टँडवर उभी होती म्हणून कंडक्टर कामावर नव्हता असं कोणी म्हणून पाहिलं असतं तर डेपो बंद झाला असता. हे संघटनेनं टिकवलं. आणि संपाची झळ मला माहीत नाही असं नाही, ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ आमच्या घरात काय हाल झाले ते मी आणि पोरीची आईच जाणतो.

म्हणून मी स्वतः अकॅडमीत गेलो, म्हटलं हे तासाचं गणित आणि संघटनेचं पण पोरींना आधी सांगा. तिथले सर म्हणाले, "काका, इंटरव्ह्यूत युनियनचा शब्दही काढू नका असं आम्ही मुद्दाम शिकवतो." मला हे अजिबात पटलं नाही. पहिल्या बाळंतपणाला नोकरी जायची असा एअर इंडियाचा नियम होता, तो १९८१ मध्ये सुप्रीम कोर्टानं रद्द केला तो एअर होस्टेस बाया लढल्या म्हणून. मे २०२४ मध्ये एअर इंडिया एक्सप्रेसच्या क्रूनं एकदम सिक लीव्ह टाकली, कंपनीनं २५ जणांना काढलं, लेबर कमिशनरसमोर बैठक झाली तेव्हा परत घेतलं. आणि माझ्या पोरीचंच जे दुखणं आहे त्याच्यासाठी कॅनडात ऑगस्ट २०२५ ला एअर कॅनडाचे दहा हजारांवर फ्लाइट अटेंडंट संपावर गेले, सरकारनं कामावर जा म्हटलं तरी हटले नाहीत, तीन-चार दिवसात कंपनी बोलणीला बसली. छोट्या विमानाला उडायच्या आधीचे ६० मिनिटं, मोठ्याला ७०, अर्ध्या दरानं पैसे देऊ असं ठरलं. अर्धाच का, पूर्ण का नाही, हा माझा प्रश्न आहेच, आणि तिथल्या मेंबरांनी पण मतदानात पगाराचा भाग ९९ टक्क्यांनी नाकारला. अमेरिकेत डेल्टानं २०२२ मध्ये बोर्डिंगचे अर्धे पैसे सुरू केले, तिथे क्रूची युनियन नाही हे खरं, पण युनियन बांधायची मोहीम तेव्हा जोरात चालू होती.

हे सगळं एका तासाच्या लेक्चरमध्ये सांगून होते. मेकअपला तीन आठवडे देता, तर स्लिप कशी वाचायची याला एक दुपार द्या. सरांनी "पाहू" म्हटलं, दोन महिने झाले, अजून काही नाही. लेक्चर सुरू झालं तर मी इथंच येऊन पाच स्टार करीन.

पोरीला नोकरी सोड म्हटलं नाही मी, तिला काम आवडते, आणि तिच्यासोबतच्या चौघी आता डायरी लिहून राहिल्या. ज्यांना ॲडमिशन घ्यायची आहे त्यांनी फी एकदम भरू नका, हप्ते मागा, देतात. आणि भिंतीवरच्या आकड्यात फिक्स किती, उडण्याचे तास किती धरले, आणि विमान उभं असताना किती, हे तीन प्रश्न काउंटरवरच विचारा, कागदावर लिहून घ्या. क्लास सीताबर्डीपासून चालत जाण्यासारखा आहे, आपल्याकडून सकाळच्या गाडीनं निघालं तर कोंढाळीवरून अकरापर्यंत पोचता येते.