पर्ल हार्बरची गाइडेड टूर: घ्यायची तर पूर्ण दिवसाची, मिसूरीवाली घ्या

हवाईची ट्रिप ठरली की जो तो हेच विचारतो, पर्ल हार्बर (होनोलुलूजवळचा अमेरिकन नौदलाचा तळ, ज्यावर 1941 मध्ये जपानने हल्ला केला) आपलं आपण बघायचं का टूर घ्यायची, आणि टूर घ्यायची तर अर्ध्या दिवसाची चालेल का. माझं मत आता पक्कं आहे. वयस्कर माणसं बरोबर असतील आणि दुसऱ्या महायुद्धाबद्दल शाळेत दोन-चार ओळीच वाचल्या असतील तर सरळ गाइडवाली टूर घ्या, आणि ती पूर्ण दिवसाची, ॲरिझोना (त्या हल्ल्यात बुडालेली युद्धनौका) आणि मिसूरी (जिच्यावर जपानने शरणागती पत्करली ती) दोन्ही असलेली घ्या. नुसती ॲरिझोना दाखवून दुपारच्या आत हॉटेलवर सोडणाऱ्या स्वस्त टूर बऱ्याच आहेत, पण त्यात अमेरिकेचं युद्ध जिथे सुरू झालं ती जागा बघून होते आणि ज्या बोटीवर ते संपलं ती समोर उभी दिसत असताना राहून जाते.

आम्ही चौघं होतो, मी, नवरा आणि बे एरियात (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास) आमच्याकडे राहायला आलेले माझे आईबाबा. बाबांची सगळी नोकरी माझगाव डॉकमध्ये गेली, फिटर म्हणून लागले ते तिथूनच रिटायर झाले, त्यामुळे कुठलंही जहाज ते आपल्यासारखं बघतच नाहीत, आधी त्याच्या प्लेटा आणि वेल्डिंग बघतात.

आधी कटकटीचं सांगून टाकते. वायकीकीवरून (होनोलुलूचा हॉटेलांचा भाग) पिकअप पहाटे सहाच्या आत होता, तो ठीक आहे, पण नंतर ती व्हॅन आणखी हॉटेलं करत फिरत बसली आणि त्यात बराच वेळ गेला, शिवाय व्हॅनमधला माइक खरखरत होता आणि मागच्या सीटवर आईला अर्धं ऐकूच येत नव्हतं. माणशी दीडशे डॉलरच्या वर घेता तर माइक तरी धड ठेवा. बुकिंग करताना पिकअप किती ठिकाणी आहे ते विचारा आणि शक्य असेल तर पुढच्या सीट मागून घ्या.

पैसे कशाचे देतो तेही नीट समजून घ्या. ॲरिझोना मेमोरियलचा कार्यक्रम नॅशनल पार्क सर्व्हिसचा आहे आणि तो फुकट आहे, फक्त वेळ रिझर्व्ह करायची एक डॉलर फी. स्लॉट आठ आठवडे आधी उघडतात, थोडे राखून ठेवलेले आदल्या दिवशी हवाईच्या वेळेने दुपारी तीनला सुटतात आणि सीझनमध्ये बघता बघता संपतात. म्हणजे टूरवाला पैसे घेतो ते ने-आण, गाइड आणि मिसूरीच्या तिकिटाचे. काही ठिकाणी जाहिरातीत नुसतं 'पर्ल हार्बर व्हिजिटर सेंटर' असं लिहिलेलं असतं आणि मेमोरियलला नेणाऱ्या बोटीचा स्लॉट त्यात असेलच असं नाही, तर तो आपल्यासाठी खात्रीने घेतलाय का हे लेखी विचारा. आणि जोराचा वारा असला की नेव्ही बोट बंद ठेवते, तिथे कोणाचंच काही चालत नाही, म्हणून हा प्लॅन ट्रिपच्या शेवटच्या दिवशी ठेवू नका.

आत बॅग, पर्स काही नेऊ देत नाहीत. आपण आपले गेलो तर पैसे देऊन लॉकरला ठेवावं लागतं, टूरमध्ये सगळं व्हॅनमध्ये राहतं. आईच्या तिखटमिठाच्या पुऱ्या तशाच व्हॅनमध्ये राहिल्या आणि दुपारी बरं झालं, कारण तिथल्या जेवणात व्हेजवाल्यांचे हाल आहेत.

आता गाइडबद्दल. साठी उलटलेला, नेव्हीत नोकरी केलेला, तिथलाच माणूस. बाबांना अंकल आणि आईला आंटी म्हणायचा, तिकडे तशीच पद्धत आहे. त्याने बोटीत बसायच्या आधी आम्हाला किनाऱ्याच्या हिरवळीवर उभं करून समोरचं पाणी समजावलं, तेवढ्या वीस मिनिटांसाठी मी त्याला पैकीच्या पैकी मार्क देईन. समोर पाण्यात पांढरे काँक्रीटचे मोठे ठोकळे दिसतात, त्यांवर बोटींची नावं आहेत, ती त्या दिवशीची पार्किंगची जागा. 7 डिसेंबर 1941, रविवार, सकाळचे आठ वाजायला पाच मिनिटं कमी. सहा विमानवाहू जहाजांवरून आलेली साडेतीनशेच्या वर जपानी विमानं, दोन लाटांत. आठ बॅटलशिप (मोठ्या तोफांच्या युद्धनौका) बंदरात होत्या आणि आठही जखमी झाल्या. पण त्यांतल्या सहा दुरुस्त करून परत समुद्रात उतरवल्या, हे मला माहीतच नव्हतं. बाबांनी ते ऐकल्याबरोबर विचारलं, किती दिवसांत? गाइड म्हणाला, काही महिन्यांत आणि काही दोन-अडीच वर्षांनी. बाबा म्हणाले, मग हे डॉकवाल्यांचंही युद्ध होतं.

ॲरिझोनाला बोटीने काही मिनिटांत पोचतो. पांढरी लांबट इमारत, दोन्ही टोकं वर उचललेली आणि मध्ये खाली बसलेली, आणि ती बुडालेल्या जहाजाला आडवी, त्याला कुठेही न टेकता उभी आहे. आल्फ्रेड प्राइस नावाच्या आर्किटेक्टने केलीय. हा व्हिएन्नाचा माणूस नाझींपासून जीव वाचवून होनोलुलूला आला आणि हल्ल्यानंतर अमेरिकेनेच त्याला शत्रूदेशाचा म्हणून काही महिने डांबून ठेवलं, आणि पुढे त्यानेच हे उभारलं, 1962 मध्ये त्याचं उद्घाटन झालं. पैसे कमी पडत होते तेव्हा 1961 मध्ये एल्विस प्रेस्लीने इथे येऊन कार्यक्रम केला आणि पन्नास हजार डॉलरच्या वर जमवून दिले.

बॉम्ब डेक फोडून पुढच्या दारूगोळ्याच्या कोठारापाशी गेला आणि एकट्या या जहाजावर 1,177 जण गेले. त्यांतले नऊशेच्या वर अजून खालीच आहेत, बाहेर काढलेच नाहीत. जहाजाचा 21 जणांचा बँड होता, तो सगळा गेला. शेवटच्या खोलीत संगमरवराच्या भिंतीवर सगळी नावं आडनावाच्या अक्षरक्रमाने कोरलीत. आई इंग्रजी हळू वाचते, तर ती एकेक नाव ओठांत पुटपुटत चालली होती आणि एकच आडनाव लागोपाठ दोनदा आलं की थांबून माझ्याकडे बघायची. सख्खे भाऊ एकाच जहाजावर असायचे तेव्हा, अशा पस्तीसच्या वर जोड्या ॲरिझोनावर होत्या. सगळीच सारखी आडनावं भावांची नसणार, पण तिला ते विचारवत नव्हतं. जे वाचले त्यांच्यापैकी काहींनी म्हातारपणी सांगून ठेवलं की माझ्या अस्थी इथेच माझ्या लोकांत ठेवा, आणि डायव्हर लोकांनी त्या खरोखर जहाजात नेऊन ठेवल्यात, त्यांची नावं भिंतीच्या पुढ्यात वेगळी आहेत. ॲरिझोनाचा शेवटचा वाचलेला माणूस 2024 मध्ये गेला, 102 वर्षांचा होऊन.

आणि तेल. हे फोटोत कळत नाही. कठड्याला टेकून खाली बघितलं की पाण्यातून गंजलेला तोफेचा गोल पाया वर आलेला दिसतो, आणि त्याच्या बाजूला थोड्याथोड्या वेळाने एक काळा थेंब वर येतो, पाण्याला लागला की पसरतो, त्याच्यावर निळी-जांभळी झाक येते आणि ती वाऱ्याबरोबर सरकत जाते, तोवर दुसरा येतो. ऐंशीच्या वर वर्षं हे चालू आहे. वासही येतो. बाबांनी एकदाच नाक वर करून हुंगलं आणि म्हणाले, फर्नेस ऑइल आहे, आणि पुढे बोटीत बसेपर्यंत ते काही बोलले नाहीत.

मेमोरियलवर वेळ कमी मिळतो, बोटीच्या वेळा ठरलेल्या असतात, तर फोटो दोन मिनिटांत उरकून घ्या. सेल्फी काढायला हसून उभं राहू नका, खाली माणसं आहेत.

व्हिजिटर सेंटरलाच बोफिन पाणबुडी लागून आहे. आमच्या टूरमध्ये ती होती, घाईत झाली. आत जागा इतकी अरुंद की बंकवर झोपलेला माणूस कूस बदलायचा कशी कळत नाही. पण गाइडने एक गोष्ट सांगितली म्हणून लिहिते. बोफिनने ऑगस्ट 1944 मध्ये त्सुशिमा मारू हे जहाज बुडवलं, त्यात ओकिनावाहून सुरक्षित जागी हलवली जाणारी सातशेच्या वर शाळकरी मुलं गेली, आणि पाणबुडीतल्यांना ती मुलं आत आहेत हे माहीत नव्हतं. स्वतः नेव्हीतला माणूस हे न लपवता सांगतो, जपानी पर्यटक शेजारून जात असतात, आणि सगळे शांतपणे ऐकतात. या माणसाने आम्हाला एकाच बाजूची गोष्ट विकली नाही, मला हे सगळ्यात जास्त आवडलं.

मग फोर्ड आयलंड. तो अजून चालू लष्करी तळ आहे, आपली गाडी घेऊन जाता येत नाही, परवानगीवाल्या बसनेच जायचं. तिथे मिसूरीच्या दाराशीच ओक्लाहोमाचं, म्हणजे त्याच हल्ल्यात बुडालेल्या दुसऱ्या बॅटलशिपचं मेमोरियल आहे आणि नव्वद टक्के लोक त्याच्या बाजूने तसेच पुढे जातात. प्लीज जाऊ नका. पांढऱ्या संगमरवराचे 429 खांब, एकेका माणसाचा एकेक, जणू डेकवर रांगेत उभे केलेत. टॉर्पेडो लागून हे जहाज पाव तासाच्या आत उलटं झालं आणि आत अडकलेली माणसं पोलादावर ठोकत होती, बाहेर ते ऐकू येत होतं. तेव्हा डॉकयार्डचे सिव्हिलियन कामगार पुढे आले, ज्युलिओ डिकास्ट्रो त्यांचा मुकादम, आणि त्यांनी उलट्या पडलेल्या तळाची प्लेट कापून 32 जणांना जिवंत बाहेर काढलं. गॅसने कापलं तर आतली हवा जळते म्हणून हवेच्या दाबावर चालणाऱ्या छिन्न्या लावल्या.

इथे बाबांना राहवेना. डबल बॉटम (जहाजाचा दुहेरी तळ) असणार, मधे तेलाच्या टाक्या असणार, मग भोक कुठे पाडायचं हे कसं ठरवलं, हे विचार त्याला, म्हणाले. मी भाषांतर करत होते, गाइड नकाशावर दाखवत होता, आणि तो म्हणाला की इतक्या वर्षांत हा प्रश्न मला टुरिस्टने विचारला नव्हता. बाबा नंतर मला म्हणाले, आम्ही प्लेट कापायचो तेव्हा फार तर प्लेट वाया जायची गं, यांच्या छिन्नीच्या पलीकडे माणसाचा हात होता. ओक्लाहोमाच्या ज्या लोकांची ओळख पटली नव्हती त्यांचे अवशेष 2015 पासून परत बाहेर काढून डीएनए तपासून साडेतीनशेच्या वर जणांची नावं लावलीत आणि त्यांना घरच्यांकडे पाठवलंय. एवढ्या वर्षांनी. हे करणाऱ्या देशाला माझा मनापासून नमस्कार.

मिसूरीला निदान अडीच-तीन तास द्या. 270 मीटर लांब, सागवानी डेक, सोळा इंची नऊ तोफा आणि एकेका गोळ्याचं वजन बाराशे किलोच्या आसपास. 2 सप्टेंबर 1945 ला टोकियोच्या खाडीत याच डेकवर जपानने शरणागतीवर सह्या केल्या, तिथे डेकमध्ये पितळी गोल पाटी बसवलीय आणि कागदांच्या प्रती लावल्यात. कॅनडाच्या प्रतिनिधीने जपानच्या प्रतीवर चुकीच्या ओळीत सही केली आणि मग खालच्या सगळ्यांच्या ओळी खाडाखोड करून सरकवाव्या लागल्या, ते तुम्हाला समोर दिसतं. अमेरिकन सेनापती मॅकआर्थर सही करताना त्याच्या मागे ब्रिटिश जनरल पर्सिव्हल उभा होता, 1942 मध्ये सिंगापूरला शरण गेलेला. त्या फौजेत हजारो भारतीय शिपाई होते आणि त्यांतले कितीतरी पुढे आझाद हिंद सेनेत गेले, म्हणून तो फोटो बघताना आपल्याला तो परका वाटत नाही.

उजव्या बाजूला कामिकाझे (जपानी आत्मघातकी) विमान आदळल्याचा पोचा अजून दिसतो, 11 एप्रिल 1945 चा. पायलटचा मृतदेह डेकवर सापडला तेव्हा कॅप्टन कॅलहॅनने त्याला खलाशासारखा मान देऊन समुद्रात निरोप द्यायचा हुकूम दिला. या कॅप्टनचा सख्खा भाऊ, रिअर ॲडमिरल, 1942 मध्ये जपान्यांशी लढताना मारला गेला होता. तरी दिला. नवरा तिथे बराच वेळ उभा होता.

परतीच्या वाटेवर पंचबोल कब्रस्तान आणि होनोलुलू डाउनटाउन यादीत होतं, ते गाडीतूनच चक्कर मारून दाखवलं. त्याला काही अर्थ नाही, ते काढून तो वेळ मिसूरीला दिला असता तर बरं झालं असतं. मी हे फीडबॅकमध्ये लिहिलंय.

व्हॅनमध्ये बाबा दीवच्या, आपल्या नौदलाच्या खुकरी या युद्धनौकेच्या मेमोरियलबद्दल बोलत होते. 9 डिसेंबर 1971 ला खुकरी बुडाली, 18 अधिकारी आणि 176 खलाशी, कॅप्टन मुल्ला बोटीबरोबर गेले. आणि मुंबईत मस्जिद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये दोन्ही महायुद्धांत समुद्रात गेलेल्या आपल्या खलाशांचं स्मारक आहे, कोकणातली किती घरं त्या काळी बोटीवर होती, पण आपण मुंबईत जन्म काढून तिथे जात नाही आणि तिथे नेणारी, अशी समजावून सांगणारी टूर मला तरी कुठे दिसली नाही. कोणी चालू केली तर पहिली तिकिटं आमच्या घरची.

ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी: ॲरिझोनाला काही त्रास नाही, व्हीलचेअरही जाते. मिसूरीवर मेन डेकपर्यंत आरामात जाता येतं, पण आतल्या आणि ब्रिजवरच्या शिड्या खड्या आहेत, आई मेन डेकवरच सावलीत बसली आणि तिथलं सगळं महत्त्वाचं तिला बघायला मिळालं. बोफिनमध्ये मात्र उतरू नका. टोपी आणि पाण्याची बाटली हातात ठेवा, बंद बूट घाला, आणि व्हेज असाल तर डबा व्हॅनमध्ये असू द्या. टूरला पाचपैकी साडेचार, अर्धा मार्क माइक आणि डाउनटाउनच्या चकरेसाठी कापला, गाइडला पाच.