लिंक्डइनवरील संदेशलेखन: कोथरूडमधील एक कार्यशाळा
लिंक्डइनवर अनोळखी व्यक्तींना संदेश कसा लिहावा, या विषयावर कोथरूडमध्ये रविवारी भरलेल्या एका कार्यशाळेला मी गेलो होतो. पहिला तास प्रोफाइलवरील छायाचित्र कसे असावे यातच खर्ची पडला. पुढच्या दोन तासांत मात्र शुल्क वसूल झाले. निमंत्रणासोबतच्या टिपणीला मोजक्याच अक्षरांची मुभा असते आणि देवनागरीत काना, वेलांटी, जोडाक्षरातील हलन्त हे सारे स्वतंत्र मोजले जात असल्याने ‘नमस्कार’ या चार अक्षरी शब्दालाच सात जागा लागतात, हे मला तिथे प्रथमच कळले. ‘आपल्याकडे काही संधी असल्यास कृपया कळवावे’ हा माझा मसुदा कार्यशाळा घेणाऱ्या बाईंनी सरळ खोडला, हिंजवडीतील ज्या अभियंत्याला मी लिहीत होतो त्यांच्याच लेखातील एका मुद्द्यावर नेमका प्रश्न विचारायला लावला आणि नोकरीचा उल्लेख पूर्णपणे गाळला. तिसऱ्या दिवशी त्या गृहस्थांचे चार ओळींचे उत्तर आले. उत्तर न आल्यास आठवण कधी आणि कोणत्या शब्दांत करावी, हा खरा अडचणीचा भाग शेवटच्या दहा मिनिटांत उरकला गेला, आणि घरी नेण्यासाठी दिलेले सगळे नमुने इंग्रजीत होते, हे खटकले.