फेम वापरून डीसी लाईनचा कोरोना लॉस काढला, त्याचा रिव्ह्यू

लॅबमधल्या महागड्या पॅकेजचं लायसन्स ऐन सबमिशनच्या तोंडावर संपलं (कुठलं ते विचारू नका), मग नाइलाजाने डेव्हिड मीकर यांचं एफईएमएम घेतलं, विद्युत आणि चुंबकीय फील्ड काढणारं सॉफ्टवेअर, सगळे त्याला फेमच म्हणतात. फुकट आहे, विंडोजवर लगेच बसतं, माझ्या खटारा लॅपटॉपवरही कुरकुर न करता चालतं. दिसायला मात्र पार जुन्या जमान्यातलं.

काम होतं एचव्हीडीसी (हाय-व्होल्टेज डीसी) लाईनच्या कोरोना लॉसचं, म्हणजे तारेजवळच्या हवेत चार्ज सुटून वाया जाणाऱ्या विजेचं. आपली चंद्रपूर-पडघे डोळ्यासमोर ठेवली, ±500 केव्ही, 752 किमी, 1500 मेगावॉट. मापं मात्र माझ्या मनाची धरली, प्रत्येक पोलला (म्हणजे लाईनची + किंवा - बाजू, खांब नव्हे) 35 मिमीच्या चार तारा, दोन तारांत 457 मिमी, दोन पोलांत साडेबारा मीटर, उंची 15 मीटर.

पहिल्याच रनला तारेवरचा ग्रेडियंट (पृष्ठभागावरची फील्डची ताकद) करवतीच्या दातांसारखा वरखाली. अर्धा दिवस सॉफ्टवेअरला शिव्या घातल्या आणि चूक निघाली माझीच, आर्कचं मॅक्स सेगमेंट 10 डिग्री ठेवलेलं, म्हणजे गोल तारेचा 36 कोनांचा नट झालेला! 1 डिग्री केलं, तारेभोवती मेश (हिशोबाची जाळी) बारीक केला, मग आकडा 21 केव्ही प्रति सेमीच्या आसपास येऊन बसला, हाताने काढलेल्या उत्तराशीपण जुळला. इथपर्यंत पाच स्टार.

पण डीसीची खरी गोम पुढेच आहे. एसीत दर अर्ध्या सायकलला दिशा उलटते म्हणून आयन (हवेतले चार्ज असलेले कण) तारेजवळच पुढेमागे करत राहतात, डीसीत एकदा सुटले की थेट जमीन नाहीतर समोरचा पोल गाठतात, मधली सगळी जागा चार्जने भरते आणि तोच चार्ज परत फील्ड बदलतो. हे चक्र फेम आपणहून सोडवत नाही. मी फील्डच्या रेषा बाहेर काढल्या आणि पुढचं पायथनमध्ये केलं, डॉइचचं गृहीतक धरून, म्हणजे चार्जमुळे फील्डची ताकद बदलते पण रेषांची दिशा तीच राहते. जोराचा वारा असला की हे बोंबलतं, तरी एम.टेक.ला चालून जातं.

आणि एवढं करून सगळं अडकतं ते पीकच्या सूत्रातल्या (कोरोना किती ग्रेडियंटला सुरू होतो ते सांगणारं) खडबडीतपणाच्या आकड्यावर. तार एकदम गुळगुळीत धरली (आकडा 1) तर कोरोना सुरू व्हायला 37 केव्ही प्रति सेमी लागतात, म्हणजे लॉस शून्य. धूळ, किडे, पाण्याचे थेंब धरून 0.6 घातला तर 22, 0.5 घातला तर 18, आणि आपला ग्रेडियंट बरोब्बर मधे, 21! सिग्रे या वीजक्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या सूत्राने ताडून पाहिलं तर कोरड्या हवेत किलोमीटरला साधारण अडीच किलोवॉट, अख्ख्या लाईनला 2 मेगावॉटच्या आसपास, आणि हा लॉस लोड असो नसो, व्होल्टेज चढलं की सुरूच.

फेमला माझ्याकडून चार स्टार, एक कापला तो चार्जच्या चक्रासाठी. गाईडने रिपोर्ट चाळून विचारलं, 0.5 कुठून आणला, तिथे मी गप्प.