'टर्ब्युलंट' पाहायची तर लॅपटॉपवर की दोन भिंतींवर?

इराणी कलाकार शिरीन नेशात यांची 'टर्ब्युलंट' (1998) ही समोरासमोरच्या दोन पडद्यांवर एकाच वेळी दाखवायची व्हिडिओ कलाकृती, एका पडद्यावर गाणारा पुरुष, दुसऱ्यावर गाणारी बाई. ती मी लॅपटॉपवर आणि भिंतींवर, दोन्ही प्रकारे पाह्यली आहे आणि ओळखीतले दोघंतिघं सध्या हेच विचारून राह्यले, म्हणून लिहितो. इराणमध्ये 1979 नंतर बायकांनी पुरुषांसमोर एकटीनं गाण्यावर बंदी आली, त्यातून ही आली, 1999 ला व्हेनिस बिएनाले या कलाप्रदर्शनात गोल्डन लायन पुरस्कार मिळाला, हे तुम्हाला माहीतच असेल.

दोन्ही पडदे एकाच स्क्रीनवर शेजारीशेजारी जोडून हेडफोन लावून पाहणं सोपं, दहाएक मिनिटांचं काम. आवाजही खरं सांगायचं तर हेडफोनमध्येच चांगला येतो, यातली गायिका सुसान देहीम शब्दांशिवाय गाते तेव्हा तिचा श्वास, घशातली खरखर सगळं ऐकू येतं. मे महिन्यात तर हाच मार्ग, कारण कूलर सुरू असला की स्पीकरवर हे बारीक आवाज पोचतच नाहीत, आणि कूलर बंद करून नागपुरात बसता येत नाही.

पण एक गोष्ट मला खटकली ती खटकलीच. आधी पुरुष गातो (दिसतात शोजा अझारी, आवाज गायक शहराम नाझेरींचा, शब्द सूफी कवी रूमीचे), मागं पांढऱ्या शर्टातल्या पुरुषांनी हॉल भरलेला. त्याच वेळी दुसऱ्या अर्ध्या भागात ती पाठमोरी उभी, समोर सगळ्या खुर्च्या रिकाम्या. लॅपटॉपवर हे दोन्ही एका नजरेत मावतं, त्यामुळं ती गायला लागेपर्यंत आपल्याला तिची सवय होऊन गेलेली असते. मान वळवावीच लागत नाही. आणि नेशात यांनी पडदे समोरासमोर ठेवले ते त्या मानेसाठीच, असं मला तरी वाटतं.

डिसेंबरात नागपुरातल्या महाल भागात मित्राच्या जुन्या घरी, लांबट दिवाणखान्यात आम्ही दोन प्रोजेक्टर मागून आणले. दोन लॅपटॉपवर तीच फाइल, आणि प्रत्येक भिंतीवर नको तो अर्धा भाग लेन्ससमोर काळा चार्टपेपर धरून झाकला. कागद लेन्सच्या फार जवळ धरला तर चित्राची कड धूसर होते, वीतभर लांब ठेवा. त्याचं गाणं संपलं, टाळ्या झाल्या की त्या लॅपटॉपचा आवाज बंद करायचा आणि तिच्याचा सुरू, हे मित्रानं हातानंच केलं. दोन्ही चित्रं अर्धा सेकंद मागंपुढं होत होती, मला काही वाटलं नाही, कोणाला वाटूही शकतं.

मग तिचा आवाज पाठीमागून आला. मी वळलो. कॅमेरा, जो त्याच्यासमोर हललाही नव्हता, तिच्याभोवती फिरायला लागला, आणि थोड्या वेळानं जाणवलं की आता तो गायक आणि ते सगळे पुरुष माझ्या पाठीमागून तिच्याकडेच पाहत असणार, मी मध्ये उभा आहे. लॅपटॉपवर तीनदा पाह्यली होती, हे एकदाही झालं नव्हतं.

तेव्हा घाई असेल, उन्हाळा असेल तर हेडफोन, चूक काहीच नाही. पण थंडीपर्यंत थांबता येत असेल तर थांबा भाऊ. दोन प्रोजेक्टर नाही जमले तर एका बाजूला टीव्ही ठेवा, चालतं. फक्त खुर्च्या मांडू नका, माणूस बसला की ज्या भिंतीकडे तोंड आहे तीच पाहत राहतो.