लिबटोरेंट : एक्स्टेन्शन जोडायला सोपं, उतरवायला अवघड

पीअर-टू-पीअर सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यापुढे आज ना उद्या हा प्रश्न येतोच: आपण नवीन प्रकारचा मेसेज सुरू केला, पण समोरच्या जुन्या क्लायंटला तो कळत नसेल तर? माझं फाइल वाटणारं टूल मी लिबटोरेंट या, बिटटोरेंट प्रोटोकॉलसाठीच्या सी प्लस प्लस लायब्ररीवर उभं केलंय. या प्रश्नाचं तिनं दिलेलं उत्तर मला मनापासून आवडलं.

मुळात बिटटोरेंटमध्ये एक्स्टेन्शन, म्हणजे नव्या प्रकारचे जादा मेसेज, जोडण्याची बेप १० ही ठरलेली रचनाच देखणी आहे. दोन पीअर (फाइल देणारे-घेणारे क्लायंट) जोडले जाताना एकमेकांना ओळख देतात, त्या पहिल्या हँडशेकमध्ये ८ बाइट राखीव असतात. त्यातला ठरावीक बिट दोघांनीही लावलेला असला की पुढची बोलणी (एक्स्टेन्शनचा हँडशेक) होतात: प्रत्येक पीअर आपल्या एक्स्टेन्शनची नावं आणि त्यांना स्वतःच दिलेले क्रमांक कळवतो. क्रमांक वाटून देणारं कुणी मध्ये लागतच नाही. फक्त पाठवताना समोरच्यानं सांगितलेला क्रमांक वापरायचा, आपला नाही. नवख्यांनी हे आधी पक्कं करावं.

लिबटोरेंटमध्ये यासाठी प्लगइन लिहायचं. समोरून एक्स्टेन्शनचा हँडशेक आला की आपलं फंक्शन तो तपासतं. त्यात आपलं एक्स्टेन्शन नसेल तर 'फॉल्स' परत करायचं. तेवढ्यावर त्या पीअरपुरतं प्लगइन काढून टाकलं जातं, कनेक्शन मात्र चालू राहतं. ही एक सोय माझ्या मते अख्ख्या लायब्ररीची किंमत वसूल करते. जुन्या क्लायंटसाठी कोडभर अटी पेरत बसावं लागत नाही. मॅग्नेट लिंकवरून मेटाडेटा (फाइलींची नावं, आकार वगैरे माहिती) आणणं आणि पीअर एक्स्चेंज (इतर पीअरचे पत्ते एकमेकांना कळवणं) ही लायब्ररीची स्वतःची कामंही अशाच प्लगइनमधून चालतात, म्हणजे शिकायला चांगले नमुने हाताशी आहेत.

खटकतं ते पुढे. डीएचटी (मध्यवर्ती सर्व्हरशिवाय पीअर शोधण्याची सोय) चालू सेशनमध्ये, म्हणजे लायब्ररीचं काम सुरू असतानाच, सेटिंग बदलून बंद करता येतं. एक्स्टेन्शन मात्र सेशनला एकदा जोडलं की सरळ काढून घेणारं फंक्शनच नाही. प्रोटोकॉलमध्ये ती सोय आहे: पुन्हा हँडशेक पाठवून क्रमांक ० कळवला की ते एक्स्टेन्शन बंद. वापरणाऱ्याच्या हातात चालू-बंदचं बटण द्यायचं असेल तर ही उणीव जाणवते, आणि ती भरून निघावी असं मला फार वाटतं.

शिवाय प्लगइन लायब्ररीच्या आतल्या नेटवर्क थ्रेडवर धावतं. तिथे डिस्कची वाट पाहत बसलात तर सगळेच पीअर खोळंबतात. अशी कामं दुसऱ्या थ्रेडवर टाका.

सी प्लस प्लस येत असेल तर बेलाशक घ्या.