मलिक अंबर टूर, संभाजीनगर ते खुलताबाद : गाईडसाठी करा, दुकानासाठी नका करू

वेरूळ-अजिंठ्याच्या टूर आपल्याकडं ढिगानं आहेत पण नुसत्या मलिक अंबरवर, म्हणजे निजामशाहीच्या त्या हबशी (आफ्रिकेतून आलेल्या) वजिरावर कुणी टूर काढलीय म्हणल्यावर लगेच बुक केली. अर्धा दिवस, गाडी अन् गाईड धरून चौघांचे २८०० घेतले. आई, बायको, सहावीतला भाचा अन् मी. गाडी पाऊण तास लेट, ड्रायव्हरचा फोन बंद, ऑफिसातली ताई दर वेळी "पाचच मिनिटं सर". असो.

गाईड काका मात्र जबरदस्त माणूस. साठीच्या पुढचे असतील, बोलता बोलता मराठीतून दख्खनीत कधी शिरतात कळत पण नाही. बाकीचे गाईड भडकल गेटपाशी "१६१२, मुघलांवरचा विजय, चला फोटो काढा" एवढ्यात आटपतात, काकांनी आम्हाला सावलीला बसवलं अन् म्हणले, हे ज्यानं बांधलं त्याचं पहिलं नाव चापू. मग जे सुरू झालं ते विचारू नका, इथियोपियातलं पोरगं, जन्म १५४८ च्या आसपासचा, कुणी म्हणतं गरिबीपायी आईबापानंच विकलं कुणी म्हणतं पकडून नेलं, येमेनच्या मोखा बंदरात विकलं गेलं, तिथून बगदाद, तिथं मीर कासिम नावाच्या मालकानं लिहायवाचायला शिकवलं अन् अंबर नाव ठेवलं, अन् मग परत विक्री, समुद्र ओलांडून थेट आपल्या दख्खनमधी. भाच्यानं मधीच विचारलं, त्याची आई नंतर त्याला भेटली का? काका थांबले, म्हणले, "बेटा, ते कुठंच लिहिलेलं नाही." उगी काहीतरी गोड रचून सांगितलं नाही, मला हेच लै आवडलं.

इथं त्याला विकत घेतलं निजामशाहीचा पेशवा चंगेजखानानं, जो स्वतःच कधीकाळी गुलाम होता, हबशीच. १५७५ च्या सुमारास तो वारला अन् त्याच्या बायकोनं अंबरला मोकळं केलं. मोकळा झाला पण ना घर ना मालक, मग विजापूरकरांची चाकरी (मलिक ही पदवी तिथलीच), परत नगरकडं, स्वतःची फौज, बीबी करीमाशी लग्न, पोरंबाळं. अन् पुढं गड्यानं स्वतःची पोरगी निजामशहा मुर्तजाला दिली! बाजारात विकलेलं पोरगं सुलतानाचा सासरा झालं राव. काकांकडं एक लॅमिनेट केलेलं चित्र आहे, जहांगीर पृथ्वीच्या गोळ्यावर उभा राहून भाल्यावर टांगलेल्या अंबरच्या मुंडक्याला बाण मारायलाय. खरं तर अंबर जितेपणी त्याच्या हाती कधी लागलाच नाही, तर निदान कागदावर तरी. आई पोट धरून हसली.

नहरीचा भाग चांगला पण घाईत उरकला. १६१० ला अंबरनं खडकी, म्हणजे आजचं संभाजीनगर, वसवली अन् जमिनीखालून शहरभर पाणी खेळवलं, हवा जायला ठेवलेली तोंडं अजून दिसतात, आजूबाजूला कचरा किती ते मी लिहीत नाही. एक सुधारणा कंपनीनं करावी, त्यांच्या पत्रकात पाणचक्की अंबरची म्हणून छापलीय. पाणचक्की १७४४ ची, अंबर वारला १६२६ ला, अन् तिथं पाणी येतं ती नहर पण वेगळी. काकांना हे माहितीय, पत्रक छापणाऱ्याला नाही.

खुलताबादला सगळ्यांच्या गाड्या औरंगजेबाच्या कबरीकडं नाहीतर भद्रा मारुतीला वळतात. अंबरच्या मकबऱ्यापाशी आमच्याशिवाय चिटपाखरू नव्हतं. मोठा घुमट त्याचा अन् बाजूचा लहान बीबी करीमाचा. काका इथं फार बोलले नाहीत, दगडी जाळीवर हात ठेवून उभे होते, भाचाच पळत जाऊन दोन्ही घुमट बघून आला.

आता तक्रार. परत येताना ड्रायव्हरनं न विचारता हिमरूच्या (इथल्या विणलेल्या शालींच्या) दुकानात नेलं, पाऊण तास तिथंच. पाणी आणून दिलं, शाल अंगावर टाकली, निघू देईनात, शेवटी बायकोनं एक शाल घेतली तेव्हा सुटलो, अन् तीच शाल नंतर गुलमंडीवर निम्म्या किमतीत दिसली. काकांचा यात काही हात नाही, ते बाहेर बिडी ओढत होते.

एक स्टार दुकानासाठी कापला, चार देतो. बुक करताना दुकान नको हे फोनवर नाही, मेसेजवर लिहून घ्या, अन् गाईड साठीच्या पुढचे काकाच पाहिजेत म्हणून सांगा, दुसरा पोरगा येतो तो नुसता मोबाईलवरचं वाचून दाखवतो म्हणे. सकाळचीच वेळ घ्या, खुलताबादला दर्ग्यात चपला काढाव्या लागतात अन् दुपारची फरशी लै तापती.