आठ महिने स्टेलॅरियम वर्गात, आणि हातचा गेलेला बुध

फेब्रुवारीत बुध हुकला, म्हणून हे लिहायला बसलो. नाहीतर स्टेलॅरियम हे संगणकावर आभाळ दाखवणारं सॉफ्टवेअर फुकट आहे, लाखो तारे दाखवतं, हे आता कुणाला नव्यानं सांगायचं?

आमची शाळा गडचिरोली जिल्ह्यातली, सातवीपर्यंत. प्रोजेक्टर लोकवर्गणीतला, लॅपटॉप माझा आणि नेट माझ्याच मोबाइलचं. रोजचा दीड जीबी संपला की शाळेचं नेट संपलं.

बुध सूर्यापासून २८ अंशांच्या पलीकडे जातच नाही, त्यामुळे दिसला तर संध्याकाळी किंवा पहाटे, थोडाच वेळ. मी दुपारीच स्टेलॅरियमवर बघून ठेवलं होतं : सव्वासातला पश्चिमेला चांगला नऊ अंश वर. पोरं आली, दोन-चार आजोबाही आले. समोर मोहाची झाडं, त्यावर लालसर उजेड उरलेला, आणि बुधाचा पत्ता नाही. "सर, कोटी हाये जी?" मी मोबाइल फिरवत राहिलो. शेवटी एक आजोबा म्हणाले, "मास्तर, बुडला असंल."

बुडालाच होता, झाडांमागं. घरी येऊन एफ-६ दाबलं तर स्थान मुंबई! हॉटस्पॉटवरून नेट घेतलं की फोन कंपनीचा नेटवरचा पत्ता मुंबईचा निघतो आणि स्टेलॅरियम तोच धरून चालतं. मुंबई ७२.९ रेखांशावर, आम्ही ८० वर. सात अंश, अंशाला चार मिनिटं, झाली २८ मिनिटं; आमच्याकडे बुध साधारण तेवढा आधी मावळतो. हेच गणित मी भूगोलात शिकवतो आणि पोरांचे मार्क कापतो. त्या रात्री स्टेलॅरियमला परीक्षणात दोनच तारे देणार होतो.

आता शांत झालोय. नेटवरून स्थान घेण्याची खूण काढायची, अक्षांश-रेखांश हातानं टाकायचे, तेच कायमचं स्थान म्हणून ठेवायचं. दोन मिनिटांचं काम. तरी माझं म्हणणं कायम : पडद्यावर गावाचं नाव ठळक दिसायला हवं. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत असतं, प्रोजेक्टरवर तर वाचताच येत नाही. क्षितिजावरची झाडं फ्रान्समधल्या गावाची आहेत ते चालेल, 'जी' दाबलं की जमीनच जाते.

पण मृगाचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. पोरांचा नेहमीचा प्रश्न : जूनमध्ये मृग लागतो, घरी बियाणं निघतं, मग तेव्हा आभाळात मृग दिसत का नाही? इतकी वर्षं मी फळ्यावर गोल काढून थकलो. या वेळी तारीख ८ जून केली, वेळ दुपारी बाराची, आणि 'ए' दाबून वातावरण घालवलं. भर दुपारी काळं आभाळ, वर सूर्य, त्याला लागूनच रोहिणी आणि थोडं पुढं मृग. मागच्या बाकावरची एक पोरगी ओरडली, "म्हणजे तो दिवसा येते!" एवढ्यासाठी चार तारे.

मराठी भाषांतर अर्धवट आहे, मधेच इंग्रजी येतं. ग्रहांच्या कक्षा शिकवायला मी कोलोराडो विद्यापीठाचं फेट (PhET) वापरतो, पडद्यावर हलवून बघायचे विज्ञानाचे प्रयोग. गुरुत्वाकर्षण बंद केलं की पृथ्वी सरळ निघून जाते, पोरांना हे दहादा बघायचं असतं. त्यातल्या साध्या 'मॉडेल' भागात आकारांची प्रमाणं खरी नाहीत, हे मात्र सांगून ठेवा, नाहीतर पेपरात पृथ्वी सूर्याच्या अर्धी काढतात.

दोन्ही एकदा उतरवून घेतले की नेटशिवाय चालतात. जालावर चालणारे चकचकीत त्रिमितीय सूर्यमाला-दर्शन आमच्या हॉटस्पॉटवर गोल फिरत बसलं आणि दिवसाचा डेटा खाऊन गेलं. त्याला शून्य. वीज गेली की लॅपटॉप दीड तास धरतो, प्रोजेक्टर जागच्या जागी जातो, मग बावीस पोरं एका पडद्याभोवती.

वर्गात प्रोजेक्टरशेजारच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवलंय : अक्षांश २०.२, रेखांश ८०.०. कुणीतरी पोरानं त्याखाली लिहिलं, 'मुंबई नाही'. ते पुसलेलं नाही.